ठरलेल्या पैशांत कपाट नव्याने लावताना

माझ्या कपाटात एक जाकीट दोन वर्षं लेबलसकट लटकत होतं. गंजाच्या रंगाचं, कापड उत्तम, सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळालेलं. दर थोड्या दिवसांनी ते काढायचे, आरशासमोर अंगाला लावून बघायचे आणि परत अडकवायचे, कारण त्याच्या आत घालण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. एका सुट्टीत कपाट उपसलं तेव्हा त्याच जातीचे आणखी अकरा कपडे निघाले. त्यांच्या किमतींची बेरीज केली आणि गप्प बसले. "पैसे नाहीत म्हणून नीट राहता येत नाही" असं मी बरीच वर्षं म्हणत आले होते. पैसे होते की! ते या बारा कपड्यांत अडकून पडले होते.

त्यानंतर मी एक आकडा ठरवून कपडे नव्याने बसवायला घेतले. पहिल्या खेपेला सपशेल फसले: पहिल्याच संध्याकाळी निम्म्याहून जास्त पैसे एका कोटात आणि बुटांत गेले आणि उरलेले तीन महिने त्या दोघांना साजेसं काहीतरी शोधण्यात. दुसऱ्या खेपेला जमलं. हातात ठरलेली रक्कम आहे, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही, अशा लोकांसाठी हे लिहितेय. स्त्री-पुरुष दोघांनाही हेच लागू पडतं, फक्त कपड्यांची नावं बदलून घ्या.

आधी हाताशी काय हवं

- एक वही. फोनमधली नोंद चालते, पण यादी कागदावर असली की दुकानात ती मोडायला थोडी लाज वाटते.
- शिंप्याकडे असते तशी मऊ टेप.
- उजेड येणारी खिडकी, जमेल तेवढा पूर्ण उंचीचा आरसा.
- फोनचा कॅमेरा.
- सुई, दोरा, दोन-चार साधी बटणं, बारीक कात्री.
- एक पांढरा रुमाल. कशाला, ते पुढे येईलच.
- एका मोकळ्या दिवसाचे चार-पाच तास. हे काम रात्री दमून आल्यावर होत नाही. दमलेला माणूस एकतर सगळंच टाकून देतो, नाहीतर सगळंच ठेवतो.

१. आकडा लिहा आणि त्याची वाटणी करा

"साधारण एवढे खर्च करेन" हे बजेट नव्हे. नेमका आकडा लिहा, खाली मुदत लिहा. मुदत कमीत कमी तीन महिन्यांची असू द्या. एका आठवड्यात उरकलेली खरेदी म्हणजे त्या आठवड्यात दुकानात जे होतं त्याची खरेदी.

मग त्या आकड्याचे शंभर भाग धरा. मी वाटणी अशी केली: दुरुस्ती आणि फिटिंग १५, पादत्राणं २५, रोजचे कपडे ४०, आतले कपडे आणि मोजे १०, राखीव १०. तुमच्याकडे बूट धड असतील तर ते २५ दुसरीकडे वळवा. आतल्या कपड्यांचा वाटा मात्र कापू नका. वरचा शर्ट कितीही चांगला असला तरी आतलं ढिलं पडलेलं असेल, तर वरचं नीट बसत नाही. नव्याने कपडे घेणारे नेमका हाच खर्च विसरतात.

राखीव १० भाग पहिले दोन महिने नाहीतच असं समजा.

२. दोन आठवडे काही घेऊ नका, फक्त नोंद करा

रोज रात्री दोन ओळी लिहा. काय घातलं, आणि दिवसात कधी ते टोचलं, वर सरकलं, खाली ओढावं लागलं. "निळा शर्ट, दिवसभर ठीक." "काळी पँट, बसलं की कंबरेत रुतते." "पांढरा टॉप काढला, आतलं दिसतं म्हणून परत ठेवला." शेवटच्या प्रकारची नोंद सर्वांत मोलाची. जे घालायला काढलं आणि परत ठेवलं, तिथेच तुमचा पैसा अडकलेला असतो.

दिवसांचीही मोजणी करा. आठवड्यातले किती दिवस कामाचे, किती घरातले, किती समारंभाचे? माझ्या वहीत चौदा दिवसांत ठेवणीतले कपडे लागतील असा दिवस एकच निघाला, आणि कपाटाचा तिसरा हिस्सा ठेवणीतल्या कपड्यांनी भरलेला. आपण जगतो त्या दिवसांसाठी कपडे घेत नाही, ज्या दिवसांची स्वप्नं बघतो त्यांच्यासाठी घेतो. मीही घेतले, त्यामुळे कुणाला नावं ठेवत नाही.

३. सगळं पलंगावर काढा

सगळं म्हणजे सगळं. खुर्चीवरचं, दारामागच्या खुंटीवरचं, बॅगेत ठेवलेलं. त्याचे ढीग करा:

- घालते आणि आवडतं
- आवडतं, पण काहीतरी खटकतं (ढिलं, लांब, बटण तुटलेलं, उसवलेलं)
- धड आहे, पण कशाबरोबर घालायचं ते कळत नाही
- आता नको

दुसरा ढीग बाजूला ठेवा, तो पुढच्या पायरीचा कच्चा माल. तिसऱ्या ढिगातल्या प्रत्येक कपड्याला चिठ्ठी लावा: "याला काय हवं?" माझ्या त्या जाकिटाच्या चिठ्ठीवर मी लिहिलं, "साधा, फिकट, कॉलर नसलेला टॉप, गडद निळी पँट". म्हणजे ते घालता येण्यासाठी आणखी दोन गोष्टी विकत घ्याव्या लागणार होत्या. एवढं लिहिल्यावर उत्तर आपोआप मिळालं.

या ओढाताणीला नावसुद्धा आहे. फ्रेंच विचारवंत देनि दिदरो यांना एक भारी नवा झगा मिळाला आणि त्याच्यापुढे खोलीतलं जुनं सामान केविलवाणं दिसू लागलं. मग एकेक वस्तू बदलत गेली. १७६९ मध्ये त्यांनी हे स्वतःवर हसत लिहून ठेवलं आणि १९८८ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी या साखळीला "दिदरो परिणाम" म्हटलं. माझा पहिल्या खेपेचा कोट म्हणजे तोच झगा.

*इथे अडकतात:* "बारीक झाले की घालेन" हा पाचवा ढीग. त्यातला एक कपडा ठेवा, बाकीचे जाऊ द्या. रोज सकाळी कपाट उघडल्यावर आपल्याच कपड्यांनी आपल्याला टोमणे मारावेत असं काही नाही.

४. आधी शिंप्याकडे, मग दुकानात

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी पैसे इथे लागतात. अंगावर बसलेला साधा कपडा न बसलेल्या महागड्या कपड्यापेक्षा नेहमीच बरा दिसतो, हे मला पटायला वेळ लागला. पटवलं ते एका पँटीने. कंबरेत घट्ट झाली म्हणून टाकायला काढली होती. शिंपीकाकांनी ती उलटी केली, मागच्या मधल्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "दोन बोटं माया आहे की आत. टाकता कशाला?" शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड म्हणजे माया. तेव्हापासून मी नवी पँट घेतानाही आधी ती उलटी करून बघते.

काय जमतं आणि काय नाही, हे ठाऊक असलं की शिंप्याकडची फेरी वाया जात नाही.

सहज होतं: पँटीची, बाहीची उंची कमी करणं, कंबर आत घेणं, शर्टाच्या बाजू आत घेणं, चेन बदलणं, उसवलेलं शिवणं, अस्तर बदलणं.

माया असेल तरच होतं: कंबर सैल करणं, उंची वाढवणं. उंची वाढवताना एक बघा. जुन्या मुडपाची रेघ बऱ्याच कापडांवर कायमची राहते, विशेषतः जीन्सवर आणि विटलेल्या रंगावर.

शक्यतो नादी लागू नका: खांदे. खांदा बदलायचा तर बाही काढून परत लावावी लागते. कोटाच्या बाबतीत तर हे काम इतकं किचकट, की मजुरीत दुसरा कोट येईल. म्हणून नवा कोट घेताना खांदा बसला तर पुढे बघा, नाही बसला तर हँगरला परत लावा.

शिंप्याकडे जाताना ज्या चपला-बुटांवर ती पँट घालणार तेच पायात असू द्या. उंची त्यावरच ठरते. पँट नवी असेल तर आधी एकदा धुवा, मग कापायला द्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि बरोबर घोट्यावर आणलेली पँट घोट्याच्या वर जाते. आणि सगळे कपडे एकदम देऊ नका. एक द्या, हात बघा, मग बाकीचे.

बटण, बारीक उसवण, सुटलेला मुडप हे घरीच होतं. बटण लावताना खाली एक टाचणी किंवा काडी आडवी धरून टाके घाला, मग ती काढून दोऱ्याचे तीन-चार वेढे बटणाखाली द्या. असं दोऱ्याच्या मानेवर बसलेलं बटण काजात आरामात शिरतं आणि लवकर तुटत नाही.

५. तुम्हाला काय शोभतं ते फोटोत बघा

पहिल्या ढिगातल्या कपड्यांचे खिडकीपाशी उभं राहून फोटो काढा, आठ-दहा तरी. आरसा आपल्याला सवलत देतो, फोटो देत नाही. मग ते एका रांगेत लावून बघा. गळा कसा आहे, पँट कमरेवर कुठे बसते, कापड लोंबतं की ताठ उभं राहतं? आवडत्या कपड्यांत काहीतरी पुन्हा पुन्हा दिसेल. माझ्या दहापैकी सात फोटोंत बाही कोपराच्या खाली दुमडलेली होती. मला हे तोवर माहीतही नव्हतं. त्या दिवसापासून आखूड बाहीचं काही घेतलं नाही.

रंगांसाठी: दोन मूळ रंग ठरवा (पँट, बूट, पट्टा, बॅग यांचे) आणि वरच्या कपड्यांसाठी दोन-तीन आवडीचे, जे त्या दोन्ही मूळ रंगांवर चालतील. रंग पारखायला तो कपडा हनुवटीखाली धरून खिडकीकडे तोंड करा. आधी चेहरा दिसला तर ठेवा, आधी कापड दिसलं तर तो रंग कमरेखाली न्या. कातडीच्या वर्णावरून माणसांना ऋतूंची नावं देणारी जी पद्धत आहे, तिच्यात मी बराच वेळ घालवला. हाती काही लागलं नाही. मळखाऊ रंग म्हणून राखाडी-तपकिरी भरून ठेवण्याची सवय मात्र जरूर मोडा. कपडे धुतो ना आपण?

६. कपडे मोजू नका, जोड्या मोजा

आता यादी. त्याआधी थोडं गणित, कारण माझे अर्धे पैसे याच गणिताने वाचवले.

समजा चार टॉप आणि तीन पँटी आहेत आणि सगळं एकमेकांवर चालतं. जोड्या झाल्या बारा. पाचवा टॉप घेतला की तीन जोड्या वाढतात. त्याऐवजी चौथी पँट घेतली तर चार. आता माझं कपाट घ्या: टॉप एकोणीस, धड पँटी तीन. आणखी एक टॉप घेतला तर फार तर तीन जोड्या वाढणार होत्या. एक पँट घेतली तर एकोणीसपर्यंत. आणि मी वर्षानुवर्षं टॉपच घेत होते! ते स्वस्त पडतात, ट्रायल रूममध्ये पटकन अंगात जातात आणि पँट घालून बघायचा कंटाळा येतो.

म्हणून वहीत दोन रकाने करा, वरचे आणि खालचे, आणि जे जमतात ते रेघांनी जोडा. ज्या कपड्याला एकही रेघ नाही तो एकटा पडलेला. जिथे एक कपडा आला की खूप रेघा वाढतील, ती यादीतली पहिली ओळ. वरून घालायचा एखादा हलका कोट किंवा कार्डिगन सगळ्यांवर चालत असेल, तर तो जोड्यांची संख्या एकदम दुप्पट करतो: प्रत्येक जोडी त्याच्यासह आणि त्याच्याशिवाय.

ही कल्पना काही माझी नव्हे. मोजक्या, एकमेकांत मिसळणाऱ्या कपड्यांना "कॅप्सूल वॉर्डरोब" म्हणायचं ते १९७० च्या दशकात लंडनमध्ये कपड्यांचं दुकान चालवणाऱ्या सुझी फॉ यांनी रूढ केलं, आणि १९८५ मध्ये अमेरिकन डिझायनर डोना कॅरन यांनी सात कपड्यांवर आधारलेला संग्रह बाजारात आणल्यावर ते सगळीकडे पोचलं. पुढे त्याचे आकड्यांचे नियम झाले, इतकेच कपडे हवेत वगैरे. आकड्याच्या मागे लागू नका. ज्याला आठवड्यातून एकदाच कपडे धुता येतात त्याला जास्त लागणार.

यादीत प्रत्येक ओळ पूर्ण लिहा. "पँट" नव्हे, "गडद निळी, सरळ पायाची, इस्त्री न करता चालणारी, घोट्यापर्यंत". आणि समोर आपल्याकडचे तीन कपडे लिहा ज्यांच्यावर ती जाईल. तीन सापडत नसतील तर ती ओळ खोडा. माझी पहिली यादी बावीस ओळींची होती. या चाळणीतून नऊ उरल्या.

महाग वाटतंय की स्वस्त, हे ठरवायला किमतीला अंदाजे वापराने भागा. तिप्पट किमतीची पँट साठ वेळा घातली गेली, तर ती चार वेळा घातलेल्या स्वस्त टॉपपेक्षा दर खेपेला पाचपट स्वस्त पडते. फक्त अंदाज बांधताना स्वतःशी खोटं बोलू नका. नोंदवही समोर ठेवूनच भागाकार करा.

७. मापं घ्या

छाती, कंबर, नितंब, खांदा, बाही, पायाची आतली लांबी. त्याहून उपयोगी म्हणजे तुमच्या सर्वांत छान बसणाऱ्या शर्टाची आणि पँटीची मापं, कपडा सपाट पसरून घेतलेली. मीडियम, लार्ज या शब्दांना भाव देऊ नका, प्रत्येक ब्रँडचा मीडियम वेगळा असतो. ऑनलाइन घेताना कपड्याच्या तक्त्याशी तुमच्या त्या शर्टाची मापं ताडून बघा.

८. खरेदी

पोट भरलेलं, हातात यादी, आणि ज्यांना "अगं, घे की, छान दिसतोय" म्हणायची सवय आहे अशी मैत्रीण सोबत नाही. एका दिवशी यादीतल्या दोनच ओळी.

कपडा घालून बघायच्या आधी हाताने बघा. मुठीत कापड घट्ट दाबून दहा सेकंद धरा आणि सोडा. चुरगळलेलं तसंच राहिलं तर दिवसभरानंतर तुमच्या अंगावरही तसंच दिसणार. उजेडासमोर धरा, वीण किती विरळ आहे ते कळतं. शिवण दोन्ही बाजूंनी हलकेच ताणा: टाक्यांमधून उजेड दिसला तर ती शिवण फार दिवस टिकायची नाही. चौकडीच्या कापडात खिशावरची आणि बाजूच्या शिवणीवरची चौकड जुळते का बघा. ती जुळवायला कापड जास्त लागतं, त्यामुळे जिथे काटकसर केलेली असते तिथे आधी हीच सोडून देतात. टी-शर्ट मधोमध घडी घालून धरा. बाजूच्या शिवणी आताच तिरक्या असतील तर दोन धुण्यांनंतर त्या पोटावर येतील.

आता पांढरा रुमाल. गडद कपडा आतल्या शिवणीपाशी रुमालाने जोरात घासा. कोरड्या रुमालावरच रंग उतरला तर पाण्यात काय होईल याची कल्पना करा.

कापडात किती काय आहे ते आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं, तेही वाचा. सुती हवा घेतं, घाम शोषतं, पण चुरगळतं आणि आटतं. पॉलिएस्टर चुरगळत नाही, पण घामाचा वास धरून ठेवतं. दोहोंच्या मिश्रणावर गोळे जास्त दिसतात, कारण पॉलिएस्टरचे चिवट धागे त्या गोळ्यांना गळून पडू देत नाहीत. पँटीत थोडं इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, असलं तर बसायला-उठायला बरं.

मग ट्रायल रूम. आरशासमोर ताठ उभं राहून कोणताही कपडा बरा दिसतो. बसा. वाका. दोन्ही हात वर करा, मग पुढे घेऊन स्वतःला मिठी मारा. बटणांच्या मधे फट पडली, पाठीवर ताण आला, कंबर उघडी पडली की उत्तर मिळालं. तिथल्या दिव्याखाली रंग वेगळा दिसतो, म्हणून विचारून कपडा दाराशी उजेडात नेऊन बघा. कुणी हसत नाही. हसलं तरी पैसे आपले आहेत.

पादत्राणं संध्याकाळी घ्या, दिवसभराने पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, टाच उचलली जाता कामा नये. "घालून घालून सैल होतील" यावर कधी विश्वास ठेवू नका. चामडं रुंदीला थोडं सैलावतं, लांबीला नाही. तळ बदलता येतो का हेही विचारा.

वापरलेले कपडे घ्यायला संकोच वाटत असेल तर तो सोडा. कोट आणि लोकरीचे कपडे तिथे फार चांगले मिळतात. बघायचं एवढंच: काखा, कॉलरची आतली बाजू, मांड्यांमध्ये घासलेलं कापड, अस्तर, लोकरीत कसरीची बारीक भोकं. वास येत असेल तर "धुतलं की जाईल" म्हणू नका.

*सर्वांत मोठा सापळा* अर्थातच सेल. एक कसोटी: हा कपडा पूर्ण किमतीत असता तर यादीत आला असता का? नसता, तर सूट कितीही असो, तो महागच. दुसरा सापळा ऑनलाइन "एवढ्याची खरेदी केलीत तर घरपोच मोफत". डिलिव्हरीचे पैसे वाचवायला मी एकदा नको असलेला पट्टा घेतला. तो डिलिव्हरीच्या तिप्पट किमतीचा होता.

घरी आणल्यावर लेबल लगेच कापू नका. नवा कपडा आपल्या तीन जुन्या कपड्यांबरोबर घालून, घरातल्या उजेडात फोटो काढा. तिन्ही जमले की कापा. नाही जमले तर बिल हातात आहे, मुदत संपायच्या आत परत करा. बिलं वहीतच टाचून ठेवा आणि परत करायची शेवटची तारीख वर मोठ्या अक्षरात लिहा.

९. आता टिकवा

कपडे वापराने झिजतात त्यापेक्षा धुण्याने जास्त झिजतात. घाम आला नसेल, डाग नसेल तर कपडा वाऱ्यावर टांगा, उद्या-परवा पुन्हा घाला. गडद कपडे आणि जीन्स उलटे करून, थंड पाण्यात. रंग पक्का व्हावा म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवण्याचा सल्ला मिळेल. कारखान्यातून रंगून आलेल्या सुती कपड्याचा रंग त्याने पक्का होत नाही. पहिली दोन-तीन धुणी वेगळी करा, तेवढं पुरतं.

इलॅस्टेन असलेल्या कपड्याला उष्णता सोसत नाही: गरम पाणी, ड्रायर, कडक इस्त्री, काहीच नको. विणलेले स्वेटर टांगू नका, खांद्यावर कोंब येतात आणि लांबी ओघळते. धुतल्यावर टॉवेलवर पसरून वाळवा, मग घडी घालून ठेवा.

पट्टीवरच्या खुणा एकदाच पाठ करा. पाण्याचं टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीन, इस्त्री म्हणजे इस्त्रीच. इस्त्रीत जितके ठिपके जास्त तितकी चालणारी उष्णता जास्त. कशावरही फुली असेल तर ते करायचं नाही. "फक्त ड्रायक्लीन" असं लिहिलेला रोजचा कपडा घेताना धुलाईचा खर्च किमतीत मिळवून बघा. मी एक असाच शर्ट हौसेने घेतला आणि वर्षभरात धुलाईला त्याच्या किमतीएवढे पैसे दिले.

१०. हँगर उलटे लावा

सगळं झाल्यावर कपाटातले सगळे हँगर उलट्या तोंडाने अडकवा. कपडा घालून, धुऊन परत आला की त्याचा हँगर सुलटा. तीन महिन्यांनी जे उलटे राहिले तेच पुढचे प्रश्न, आणि बाजूला ठेवलेले ते १० भाग आता काढा. तोवर नेमकं काय कमी पडतंय ते कळलेलं असतं. मला काळा पट्टा कमी पडत होता, एवढंच. बाकीचे पैसे तसेच राहिले.

माझ्याकडे या खेपेला चार हँगर उलटे होते. तीन कपडे पिशवीत गेले. चौथ्यावर माझं लग्नाआधीचं, कोपराला विरलेलं खादीचं जाकीट आहे. ते कशावरच जात नाही आणि ते मी कुणाला देणारही नाही.